तुरुंगाची कवाडे आतून उघडणारा कप्तान

शिक्षा भोगून बाहेर पडलेला माणूस पुन्हा गुन्ह्याकडे का वळतो, या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील बहुतेक कारभाऱ्यांनी कैद्याच्या स्वभावात शोधले. स्कॉटिश नौदल अधिकारी अलेक्झांडर मॅकॉनॉकी यांनी मात्र ते तुरुंगाच्या रचनेत शोधले.

मॅकॉनॉकी यांचा जन्म ११ फेब्रुवारी १७८७ रोजी एडिंबरा येथे झाला. तरुणपणीच ते नौदलात दाखल झाले. १८११मध्ये हॉलंडच्या किनाऱ्यावर त्यांचे जहाज फुटले आणि १८१४पर्यंत त्यांना फ्रान्समध्ये युद्धकैदी म्हणून राहावे लागले. पुढे तुरुंगाची जबाबदारी पेलणाऱ्या या अधिकाऱ्याने बंदिवास असा स्वतः अनुभवला होता. १८३०मध्ये ते लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे पहिले सचिव आणि १८३३मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजातील भूगोलाचे पहिले प्राध्यापक झाले.

१८३७मध्ये टास्मानियाचे गव्हर्नर सर जॉन फ्रँकलिन यांचे खासगी सचिव म्हणून ते होबार्टला गेले. तेथे कैद्यांना वसाहतवाल्यांकडे वेठीने राबवले जाई. ही पद्धत म्हणजे गुलामगिरीच असून ती मालक व कैदी दोघांनाही हीन बनवते, असा अहवाल त्यांनी दिला. अहवाल इंग्लंडमध्ये प्रसिद्ध होताच त्यांची नोकरी गेली.

मॅकॉनॉकी यांचे निदान सोपे होते. वर्षांत मोजलेली शिक्षा कैद्याला फक्त दिवस ढकलायला शिकवते. उठणे, जेवणे, राबणे सारे हुकमाने होत असल्याने स्वतः निर्णय घेण्याची सवयच मोडते. असा माणूस बाहेर आला, की पहिल्या मोहाला बळी पडतो. म्हणून शिक्षा काळात नव्हे, तर कामात मोजावी, असे त्यांनी सुचवले. सात वर्षांच्या शिक्षेला ६,०००, दहा वर्षांच्या शिक्षेला ७,००० आणि जन्मठेपेला ८,००० गुण ठरले. श्रम व सद्वर्तन यांतून गुण मिळवायचे, चांगल्या अन्नासाठी ते खर्चायचे किंवा सुटकेसाठी साठवायचे. पुढच्या टप्प्यात सहा-सहा जणांचा गट एकमेकांच्या वर्तनाला जबाबदार राहील.

मार्च १८४०मध्ये त्यांच्याकडे नॉरफोक बेटाचा कारभार आला. वसाहतीत पुन्हा गुन्हा केलेल्यांसाठी राखलेले हे बेट फटके व फाशीसाठी कुप्रसिद्ध होते. नवी पद्धत केवळ इंग्लंडहून नव्याने आलेल्या कैद्यांपुरती ठेवण्याचा आदेश असतानाही मॅकॉनॉकी यांनी ती सर्वांना लागू केली. त्यांनी फाशीचा खांब पाडला, प्रार्थनामंदिरे उभारली, ग्रंथ व वाद्ये मागवली, प्रत्येकाला भाजीपाल्यासाठी जमिनीचा तुकडा दिला. मे १८४०मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी कैद्यांना दिवसभर मोकळे सोडून मेजवानी व नाटकाचा खेळ करण्यात आला. सायंकाळी सर्व जण शांतपणे बराकीत परतले. सिडनीत मात्र या वार्तेने संतापाची लाट उसळली.

खरी अडचण वेगळीच होती. गुण पूर्ण झाले, तरी सुटका देण्याचा अधिकार मॅकॉनॉकी यांच्या हाती नव्हता. वरिष्ठांच्या मंजुरीअभावी कैद्यांना दिलेला शब्द त्यांना पुरता पाळता आला नाही. १८४३मध्ये गव्हर्नर गिप्स यांनी बेटाची पाहणी करून बरेच अनुकूल मत दिले. पण तोवर लंडनहून मॅकॉनॉकी यांना परत बोलावण्याचा निर्णय झाला होता. १८४४मध्ये त्यांनी बेट सोडले. त्यांच्या काळात सिडनीत सुटून गेलेल्या सुमारे ९२० पुनर्दोषी कैद्यांपैकी १८४५पर्यंत केवळ २० जण पुन्हा दोषी ठरल्याचे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. बेटावर मात्र जुनी सक्ती परतली. १८४६मध्ये कैद्यांची स्वयंपाकाची भांडी जप्त होताच दंगल पेटली आणि १२ जणांना फाशी झाली.

१८४९मध्ये मॅकॉनॉकी बर्मिंगहॅमच्या नव्या तुरुंगाचे प्रमुख झाले. तेथूनही १८५१मध्ये त्यांना काढण्यात आले. २५ ऑक्टोबर १८६० रोजी इंग्लंडमधील मॉर्डन येथे त्यांचे निधन झाले. मात्र त्याआधीच आयर्लंडमध्ये सर वॉल्टर क्रॉफ्टन यांनी टप्प्याटप्प्याने मोकळीक देणारी पद्धत त्यांच्याच विचारांवर उभी केली होती. आज ठिकठिकाणी रूढ असलेली पॅरोलची कल्पना आणि सद्वर्तनाबद्दल शिक्षेत मिळणारी सूट यांचे एक मूळ त्या दूरच्या बेटावर सापडते. सुटकेची तयारी शिक्षेच्या पहिल्या दिवसापासून व्हायला हवी, हा त्यांचा आग्रह मात्र अजूनही सर्वत्र पुरता रुजलेला नाही.