रेव्हरंड टिळक आणि आमच्या घरचा पेला

टिळक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पगडी आणि उपरणंच येतं. मी ज्या टिळकांबद्दल लिहितोय ते दुसरे, नारायण वामन टिळक. मॅथ्स-थ्रीची केटी काढायची सोडून मी हे पुस्तकं वाचत बसलो, त्यामुळे निकालाची जबाबदारी अर्धी त्यांच्यावर आहे.

माझं गाव हिंगोली जिल्ह्यात, नर्सी नामदेवपासून फार लांब नाही. घर माळकरी. आषाढी-कार्तिकीचे उपास, सप्ता, हरिपाठ हे सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. सेकंड इयरला रूम पार्टनर मिळाला तो नगरकडचा (आताचं अहिल्यानगर), ख्रिस्ती. रविवारी सकाळी आम्ही सगळे घोरत पडलेले असताना हा आंघोळ करून पेटी वाजवल्यासारखी बोटं टेबलावर नाचवत गुणगुणायचा. चाल ऐकली तर सरळ अभंगाची! आधी वाटलं, पोरगं माझी टिंगल करतंय. विचारलं तर म्हणाला, हे आमचं चर्चमधलं गाणं आहे, टिळकांचं. तिथून माझी टिळकांशी ओळख झाली.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आईला कवितेची आवड होती. वडील अतिशय तापट. लहान वयातच आई गेली, आणि घरात मन रमेना म्हणून हा मुलगा बाहेर पडला तो नाशिकला पोचला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. पुढे लग्न झालं, पण पायाला भिंगरी कायमची. कुठे शिक्षक, कुठे कीर्तनकार, कुठे ग्रंथांचं संपादन. घरात दाणा नसला तरी खिशातला पैसा दुसऱ्याच्या हातावर ठेवून मोकळे! त्या बाईने कसे दिवस काढले असतील ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचा. हसता हसता घशात आवंढा येतो.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. गप्पा झाल्या त्या संस्कृत काव्यावर. उतरताना त्या माणसाने नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. गंमत अशी की तो माणूस कोण होता हे टिळकांना पुढे कधीच कळलं नाही. पुस्तक वाचायचा शब्द दिला होता म्हणून ते हातात पेन्सिल घेऊन, खुणा करत वाचायला बसले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकितातली दोन वर्षं खरी ठरली.

पण लक्ष्मीबाईंना आधी काहीच सांगितलं नव्हतं. मला विचाराल तर हे टिळकांचं चुकलंच. ज्याला सगळ्या जगाचं दुःख दिसतं त्याला घरातलं दिसू नये? पाच वर्षांच्या आसपास ती बाई नवऱ्यापासून वेगळी राहिली, त्यातला काही काळ तर पंढरपुरात. नंतर ती परत आली, पण सोवळं सोडलं नाही. तिचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी मात्र जबरदस्ती केली नाही. वाट बघितली. एक दिवस तिचं तिलाच वाटलं, जाती देवाने केल्या की माणसाने? आणि तिने ठरवलं, आजपासून कुणाच्याही हातचं पाणी चालेल. ना व्याख्यान, ना वाद. १९००मध्ये तिचाही बाप्तिस्मा झाला.

टिळकांचं मोठेपण मला वाटतं ते असं की धर्म बदलला तरी त्यांनी तुकोबांचा हात सोडला नाही. तुकारामांमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो हे ते उघड मान्य करायचे. त्या काळात चर्चमध्ये इंग्रजी गाण्यांची भाषांतरं विलायती चालींवर म्हणत. टिळकांनी तिथे अभंग आणला, ओवी आणली, टाळ-कीर्तन आणलं. देव शोधायला त्यांना लांब जावं लागत नसे. रानातलं फूल, अंगणात खेळणारं पोर, बाण लागून पडलेली पाखरांची आई, एवढ्यात त्यांना सगळं सापडायचं. बालकवी ठोमरे त्यांच्याच घरी राहिले. १९१२पासून ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग त्यांनी सांभाळला. पगाराचं मिशन सोडून १९१७मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. ९ मे १९१९ला मुंबईत ते गेले. ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं, ते कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

आता पेल्याचं सांगतो. मागच्या उन्हाळ्यात पार्टनरला मी गावी नेलं. हिंगोली स्टेशनवर उतरलो, नर्सीला दर्शन घेतलं, घरी आलो. आजीने त्याला पाणी दिलं ते खिडकीतल्या जुन्या पेल्यात. बाकी सगळ्यांना तांब्या. तो गेल्यावर तो पेला राखेने घासून पुन्हा खिडकीत. मी बघत होतो. काही बोललो नाही. त्यानेही बघितलं असणार, पण तोही काही बोलला नाही. नामदेवांनी मंगळवेढ्याला जाऊन चोखोबांच्या अस्थी गोळा केल्या, त्या पंढरपुरात महाद्वारापाशी आणल्या, ही कथा मला याच आजीने सांगितलेली.

आजीशी भांडायचं ठरवूनच दिवाळीत घरी गेलो. मग टिळकांची ती वाट बघण्याची गोष्ट आठवली (आणि आजीशी भांडून कुणी जिंकलेलं आमच्या घराण्यात नाही). म्हणून ‘स्मृतिचित्रे’ बॅगेतून काढलं आणि रोज रात्री दहा-बारा पानं तिला वाचून दाखवायला लागलो. तिला टिळक अजिबात आवडलेले नाहीत. असा कसा नवरा म्हणून रोज त्यांचा उद्धार करते. लक्ष्मीबाई मात्र तिची आता सख्खी मैत्रीण झालीये.

वेगळ्या स्वयंपाकापर्यंत आलो आणि सुट्टी संपली. निघताना तिने पुस्तकात खूण म्हणून तुळशीचं पान घातलं, आणि पुढच्या खेपेला पुस्तक विसरू नको म्हणून दोनदा बजावलं. पेला अजून खिडकीतच आहे. पार्टनरला विचारलंय, सबमिशन झालं की येतोस का परत. बघू म्हणालाय.