खानखोजे यांचा मका

मृग नक्षत्राच्या तोंडावर बीड जिल्ह्यातील तलवाड्यासारख्या गावातला शेतकरी तालुक्याच्या बाजारातून बियाण्याची पिशवी घेऊन येतो. पिशवीवर वाणाचे नाव असते, उगवणशक्तीचा टक्का असतो, कंपनीचे चिन्ह असते. ते वाण कोणी घडवले, त्यासाठी किती हंगाम खर्ची पडले, याचा उल्लेख मात्र नसतो. वाण घडवणारा माणूस बहुधा अनामिकच राहतो. अशाच एका मराठी माणसाने आपले ऐन उमेदीचे दिवस मेक्सिकोच्या मक्याला दिले. त्याने मक्याची नवी वाणे तयार केली, त्यांची लक्षणे बारकाईने नोंदवून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि ते ज्ञान तिथल्या भूमिहीन कुळांच्या अंगणात नेऊन पोहोचवले. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्यांचे नाव. महाराष्ट्राला ते आठवतात ते प्रामुख्याने क्रांतिकारक म्हणून. त्यांच्या आयुष्यातील दीर्घ आणि शांत पर्व मात्र शेतात, वाफ्यांच्या कडेला, कणसे मोजण्यात गेले.

खानखोजे यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्ध्याचा. प्राथमिक शिक्षण वर्ध्यात आणि पुढचे नागपुरात झाले. त्यांच्या बालपणी आणि कुमारवयात मध्य प्रांत व वऱ्हाडावर दोन भीषण दुष्काळ कोसळले. पहिला १८९६-९७ चा, दुसरा १८९९-१९०० चा. धान्य पिकवणाराच अन्नावाचून मरतो, हे दृश्य त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने भारावलेल्या अनेक तरुणांप्रमाणे खानखोजे यांच्या मनात सशस्त्र क्रांतीचा विचार रुजला आणि लष्करी शिक्षणासाठी विशीच्या आरंभीच त्यांनी देश सोडला. जपानमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले.

तिथे त्यांनी एकाच वेळी दोन विद्यांचा अभ्यास आरंभला. कॅलिफोर्नियातील तमालपायस लष्करी विद्यालयात त्यांनी युद्धशास्त्राचे धडे घेतले आणि ओरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांतील कृषी महाविद्यालयांत शेतीशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांशी त्यांचे नाते जुळले ते याच काळात. १९१३ मध्ये सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ आदींच्या पुढाकाराने गदर चळवळ उभी राहिली, तेव्हा तिची लष्करी बाजू सांभाळणाऱ्यांत खानखोजे अग्रभागी होते. पहिले महायुद्ध पेटताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात शिरले. बलुचिस्तानच्या सीमेवर इंग्रजी फौजांशी झुंजणे, पकडले जाणे, निसटणे आणि भटक्या टोळ्यांत वेश पालटून राहणे, असे अनेक प्रसंग त्यांच्यावर गुदरले. युद्ध संपले, उठावाचा बेत फसला. पुढे बर्लिनमधील भारतीय क्रांतिकारकांसमवेत १९२१ मध्ये ते मॉस्कोलाही जाऊन आले. पण मायदेशाचे दार बंदच होते. इंग्रज सरकारच्या लेखी ते राजद्रोही होते आणि परतणे म्हणजे तुरुंग अथवा फाशी.

चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९२४ मध्ये, ते मेक्सिकोला आले. हाताशी उरली होती ती शेतीशास्त्राची पदवी. मेक्सिकोत १९१० मध्ये सुरू झालेल्या क्रांतीने जमीनदारांची सद्दी खिळखिळी केली होती आणि १९१७ च्या राज्यघटनेने जमिनीच्या फेरवाटपाचा मार्ग मोकळा केला होता. जमीन मिळालेल्या नव्या शेतकऱ्याला ती कसण्याचे शास्त्र कोण शिकवणार, हा प्रश्न समोर होता. राजधानीजवळच्या चापिंगो येथील एका जुन्या जमीनदारी वाड्यात राष्ट्रीय कृषी विद्यालय नुकतेच हलवण्यात आले होते. जमिनीचा उपयोग शिकवावा, माणसाची पिळवणूक नव्हे, अशा आशयाचे त्याचे ब्रीद. त्या विद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले.

चापिंगो समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. पाऊस मोजक्या महिन्यांचा, आणि पीक हाती येण्यापूर्वीच थंडीचा कडाका पडण्याची धास्ती. अशा ठिकाणी लवकर तयार होणारे, थंडी आणि पाण्याचा ताण सोसणारे पीक हवे होते. खानखोजे यांनी गव्हावर काम केले, पण त्यांचे खरे मन रमले ते मक्यात. मका हे मेक्सिकोचे केवळ पीक नव्हे, ते तिथले अन्नदैवत आहे. हजारो वर्षांपूर्वी तेओसिंते नावाच्या एका रानगवतापासून तिथल्याच माणसांनी निवडीच्या बळावर मका घडवला. आपल्याकडे ज्वारी-बाजरीच्या भाकरीचे जे स्थान, तेच तिथे मक्याच्या तोर्तियाचे.

नवे वाण घडवण्याचे काम प्रत्येक पिकात सारखे नसते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्या. आज जगभर पिकणारी मोठ्या फळाची स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात युरोपातील बागांत जन्मली. तिचे दोन्ही पूर्वज अमेरिकेतून आलेले, एक उत्तर अमेरिकेतला आणि दुसरा चिलीतला. या संकराची ओळख पटवून १७६६ मध्ये त्याचे वर्णन करणारा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंत्वान निकोला द्युशेन तेव्हा विशीचाही नव्हता. स्ट्रॉबेरीत एक सोय असते. मनाजोगते रोप एकदा सापडले, की त्याला फुटणाऱ्या रनरपासून हुबेहूब तशीच रोपे मिळत राहतात. वाण ढळत नाही.

मक्यात ही सोय नाही. त्याच्या शेंड्यावरच्या तुऱ्यात नर फुले असतात आणि खोडाच्या मध्यावरील कणसात मादी फुले. कणसातून बाहेर लोंबणारा प्रत्येक रेशमी धागा एकेका भावी दाण्याशी जोडलेला असतो. परागकण वाऱ्यावर उडतात आणि कोणत्या ताटाचे परागकण कोणत्या धाग्यावर पडतील याचा नेम नसतो. त्यामुळे एकाच कणसावरील दाण्यांचे पितृत्व निरनिराळ्या ताटांकडे जाऊ शकते. शेजारच्या शेतात दुसरा मका असेल, तर मेहनतीने निवडलेले वाण दोन-चार हंगामांतच मिसळून जाते. म्हणून पैदासकाराला धागे बाहेर पडण्यापूर्वीच कणसावर कागदी पिशवी बांधावी लागते, तुऱ्यावरही पिशवी चढवावी लागते, योग्य दिवशी परागकण गोळा करून ते हाताने इच्छित कणसावर शिंपडावे लागतात, आणि प्रत्येक ताटाला चिठ्ठी लावून त्याची वंशावळ वहीत उतरवावी लागते. हे सारे केल्यावर वर्षाकाठी हाती येते ती एक पिढी. त्यातले बहुतेक टाकायचे आणि थोडके ठेवायचे. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

खानखोजे यांनी हे काम वर्षानुवर्षे नेटाने केले. मक्याचा रानटी पूर्वज असलेल्या तेओसिंतेशी मक्याचा संकर करण्याचे प्रयोग त्यांनी केले. रानगवताचा काटकपणा आणि अनेक कणसे धरण्याची प्रवृत्ती लागवडीच्या मक्यात उतरावी, हा अशा संकरामागचा विचार असतो. १९३० मध्ये मक्याच्या नव्या वाणांवरील त्यांचे स्पॅनिश पुस्तक प्रसिद्ध झाले. १९३६ मध्ये आणखी एक पुस्तक आले. विषय होता मका ग्रानादा, त्याचा उगम, त्याचा विकास आणि त्याची लागवड. या मक्याला त्यांनी शास्त्रीय परिभाषेत डिजिटाटा हे विशेषण दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बोटांसारखा. नेहमीच्या मक्याचे एकसंध कणीस इथे बोटांप्रमाणे फुटलेले होते. स्पॅनिश भाषेत ग्रानादा म्हणजे डाळिंब, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ हातबॉम्ब. एकेकाळी शस्त्रांची जुळवाजुळव करणाऱ्या माणसाच्या मक्याला हे नाव लाभावे, हा भाषेने जुळवलेला योग म्हणावा लागेल.

वाण घडवण्याइतकेच त्याचे वर्णन करणे महत्त्वाचे का, हे इथे ध्यानात येते. ताटाची उंची, पानांची ठेवण, तुऱ्याची रचना, कणसावरील दाण्यांच्या ओळी (त्या नेहमी सम संख्येत असतात), दाण्याचा रंग व कस, पेरणीपासून काढणीपर्यंतचे दिवस, आणि ज्या उंचीवर, ज्या जमिनीत हे सारे आढळले तिचा तपशील. या नोंदी नसतील, तर नवे वाण म्हणजे एका माणसाच्या शेतातली एक नवलाई. माणूस गेला, शेत दुसऱ्याच्या हाती गेले, वाऱ्याने परागकण मिसळले, की ती नवलाई संपली. नोंदी असतील, तर दुसरा कोणीही ते वाण ओळखू शकतो, तपासू शकतो, खोडू शकतो आणि पुढे नेऊ शकतो. मक्यासारख्या चंचल पिकात तर वर्णन हाच वाणाचा टिकाऊ भाग असतो. खानखोजे यांच्या मक्याची छायाचित्रे तीना मोदोत्ती या विख्यात छायाचित्रकार स्त्रीने टिपली. शास्त्रीय नोंदीला अशा कलावंताच्या नजरेची जोड क्वचितच मिळते.

प्रयोगशाळेतले ज्ञान पुस्तकात आले, तरी निरक्षर शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९२८ च्या सुमारास खानखोजे यांनी शेतकरी संघटनांच्या साहाय्याने मुक्त कृषी शाळा उभ्या केल्या. तिथे शुल्क नव्हते, प्रवेशासाठी शिक्षणाची अट नव्हती. शेतकऱ्यांनी यावे, बियाणे निवडायला शिकावे आणि आपल्या गावी जाऊन इतरांना शिकवावे, अशी ती योजना. थोर चित्रकार दिएगो रिवेरा या उपक्रमाचा पाठीराखा होता. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्याने रंगवलेल्या रोजच्या भाकरीच्या चित्रात मेजाच्या मध्यभागी बसून भाकरी मोडणारी व्यक्ती खानखोजे असल्याचे सांगितले जाते. वर्ध्याच्या माणसाला परक्या देशाने आपल्या भाकरीच्या चित्रात स्थान द्यावे, याहून मोठा सन्मान शेतीशास्त्रज्ञाला कोणता असू शकेल?

१९३६ मध्ये बेल्जियन वंशाच्या जान सिंदिक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सावित्री आणि माया अशी दोन मुलींची नावे ठेवताना मायदेशाची ओढ लपली नाही. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, मध्य प्रांत सरकारच्या निमंत्रणावरून खानखोजे भारतात आले. चार दशकांहून अधिक काळाने मातृभूमीवर पाऊल ठेवताच विमानतळावर त्यांना अडवण्यात आले. इंग्रजांच्या काळ्या यादीतले नाव स्वतंत्र भारताच्या कागदपत्रांतही तसेच राहिले होते. सुटका झाली, काही काळ त्यांनी प्रांताच्या शेतीचा अभ्यास केला, पण त्यांच्या अनुभवाला साजेशी कायमची जबाबदारी त्यांच्याकडे आली नाही. ते मेक्सिकोला परतले. १९५० च्या दशकाच्या मध्यावर ते पुन्हा आले आणि नागपुरात स्थायिक झाले. वय सत्तरीच्या घरात पोहोचले होते. पिढ्यान्‌पिढ्यांची निवड करणारे काम नव्याने आरंभण्याचे ते वय नव्हते.

इतिहासाचा पुढला भाग मनाला चुटपुट लावून जातो. १९४३ मध्ये मेक्सिकोत अमेरिकी मदतीने धान्यसुधारणेचा मोठा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढल्याच वर्षी नॉर्मन बोरलॉग तिथे रुजू झाले. त्यांच्या बुटक्या गव्हाची कीर्ती जगभर पसरली. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचे बियाणे मागवले आणि त्या रब्बी हंगामात ते आपल्या शेतांत पेरले गेले. तो गहू शेतात उभा असतानाच, २२ जानेवारी १९६७ रोजी, नागपुरात खानखोजे यांनी अखेरचा श्वास घेतला. बोरलॉग यांच्या गव्हाचे श्रेय खानखोजे यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु मेक्सिकोच्या मातीत बियाण्याचे शास्त्र त्याच्या कितीतरी आधी रुजवू पाहणारा माणूस आपल्याच एका शहरात राहत होता आणि त्या धामधुमीत त्याची आठवण फारशी कोणाला झाली नाही, हे मात्र खरे.

कन्या सावित्री साहनी यांनी लिहिलेल्या इंग्रजी चरित्रामुळे हा जीवनपट पुढे नव्या पिढीसमोर आला. २०२२ मध्ये चापिंगोच्या कृषी विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते झाले. उशिरा का होईना, दोन्ही देशांची कृतज्ञता एका ठिकाणी आली.

पुतळ्याहून मोठा वारसा मात्र त्यांच्या पद्धतीत आहे. वाण निवडावे, जपावे, त्याचे वर्णन लिहून ठेवावे आणि ते कसणाऱ्याच्या हाती द्यावे. २००१ च्या कायद्याने भारतीय शेतकऱ्याला आपले वाण नोंदवण्याचा अधिकार दिला आहे. त्यासाठी ते इतरांहून वेगळे कसे, एकसारखे कसे आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे कसे, हे वर्णनानेच सिद्ध करावे लागते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही त्याचे वेगळेपण कागदावर मांडल्यावरच. तलवाड्याच्या एखाद्या घरात आजीने गाडग्यात राखेत घालून ठेवलेली बाजरी किंवा तूर अजून असेल. तिचे गुण घरच्यांना ठाऊक असतात, पण ते लिहून ठेवलेले नसतात. ते लिहायला कोणी वही उघडली, तर वर्ध्याच्या त्या प्राध्यापकाचे काम पुढे सुरू झाले असे समजायला हरकत नाही.