रूडॉल्फ डीझेल आणि दाबलेली हवा

डीझेल हा शब्द आता इतका घरगुती झाला आहे, की ते एका माणसाचे आडनाव होते याचे स्मरण फारसे कोणास उरलेले नाही. आमच्या वासोण्याच्या रस्त्याने धावणारे मालट्रक, सिल्वासा परिसरातील कारखान्यांत वीज जाताच घरघरू लागणारे जनरेटर, शेतात राबणारे ट्रॅक्टर, या सर्वांच्या पोटात त्या एका माणसाची कल्पना काम करीत असते. विद्यार्थी मित्रांसाठी त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

रूडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. आईबाप मूळचे जर्मन होते. वडील पुस्तके बांधण्याचा व चामड्याच्या वस्तूंचा धंदा करीत. घरची स्थिती बेताचीच होती. १८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि या जर्मन कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले. बारा वर्षांच्या रूडॉल्फची रवानगी जर्मनीतील आउग्सबुर्ग या गावी नातलगांकडे झाली. आईबापांची माया दुरावलेल्या त्या मुलाने अभ्यासालाच जवळ केले. तो शाळेत पहिला आला, शिष्यवृत्ती मिळवून म्युनिकच्या तंत्रविद्यालयात गेला आणि १८८० साली तेथूनही उत्तम गुणांनी बाहेर पडला.

म्युनिकला प्राध्यापक लिंडे यांची व्याख्याने ऐकताना एक गोष्ट त्याच्या मनात खोल रुतली. वाफेच्या इंजिनात जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामी येतो. बाकीची सारी फुकट जाते! ही उधळपट्टी थांबविणारे यंत्र आपण घडवावे, असा ध्यास त्याने घेतला. पुढे लिंडे यांच्याच बर्फयंत्रांच्या धंद्यात नोकरी करीत असताना, दिवसा बर्फाचा हिशेब आणि रात्री आगीचा, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षे चालला होता.

त्यांची कल्पना ऐकावयास साधी आहे. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे आपणांपैकी प्रत्येकाने अनुभवले असेल. दाबलेली हवा तापते. मग ती बंद सिलिंडरात फारच जोराने दाबली तर? आजच्या डीझेल इंजिनात हवा मूळ जागेच्या सुमारे पंधराव्या ते विसाव्या हिश्शात कोंबली जाते. तेव्हा ती इतकी तापते, की तिच्यात तेलाचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो; पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणे ठिणगी लागत नाही. दाब हाच येथे अग्नी होय. दाब गेला की सारेच गेले.

१८९२ साली डीझेल यांनी एकस्वासाठी अर्ज केला आणि पुढल्या वर्षी आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्यात त्यांचे पहिले इंजिन उभे राहिले. १० ऑगस्ट १८९३ रोजी त्याची चाचणी झाली. बाहेरच्या शक्तीने यंत्र फिरवून आत इंधन सोडताच असा भडका झाला, की दाब वातावरणाच्या सुमारे ८० पट चढला आणि सिलिंडरावर बसविलेला दाबलेखक फुटून त्याचे तुकडे उडाले. जवळच उभे असलेले डीझेल थोडक्यात बचावले. हा दाबलेखक म्हणजे इंजिनाची नाडी पाहणारा वैद्यच. आतील दाब चढेल-उतरेल तशी त्याची लेखणी कागदावर रेघ ओढते. वैद्य जखमी झाला, परंतु निदान पक्के झाले : दाबलेल्या हवेत इंधन पेटते! १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन स्वतःच्या बळावर सुमारे एक मिनिट चालले. त्या एका मिनिटानंतर आणखी तीन वर्षे राबावे लागले. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक श्र्योटर यांनी रीतसर परीक्षा घेतली, तेव्हा इंधनाच्या उष्णतेपैकी शेकडा २६ भाग कामी येतो असे सिद्ध झाले. वाफेचे इंजिन फारच मागे पडले.

योगायोग असा, की त्याच फेब्रुवारी महिन्यात स्ट्रासबुर्ग येथील प्राध्यापक कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी एका काचनळीची माहिती प्रसिद्ध केली. विजेच्या प्रवाहातील चढउतार त्या नळीच्या पडद्यावर प्रकाशाच्या ठिपक्याने उमटत. तीच ऑसिलोस्कोप या यंत्राची जननी. या दोघांच्या कामाचा तेव्हा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. तो पुढे कसा जुळला ते आम्ही लवकरच सांगू.

डीझेल यांच्याकडे कीर्ती व संपत्ती यांचा ओघ सुरू झाला. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या इंजिनास सर्वोच्च पारितोषिक मिळाले; त्याच प्रदर्शनात या जातीचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. १९१२ साली डेन्मार्कचे सेलांडिया हे जहाज डीझेल इंजिनांच्या बळावर महासागर ओलांडू लागले. परंतु खुद्द डीझेल यांची प्रकृती अतिश्रमाने ढासळली होती. एकस्वाच्या भांडणांनी ते त्रासले होते. जमिनींच्या सट्ट्यात पैसा बुडाला होता. म्युनिकमधील त्यांचा टोलेजंग वाडा मात्र जगाला वैभवच दाखवीत होता. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ड्रेसडेन या बोटीवर ते भोजनानंतर आपल्या खोलीकडे गेले. सकाळी पाहतात तो अंथरूण जसेच्या तसे! काही दिवसांनी समुद्रात एक देह सापडला. त्याच्याजवळील वस्तू त्यांच्या मुलाने ओळखल्या. अपघात की आत्मघात, याचा निर्णय आजवर झालेला नाही. कर्जाचा डोंगर मात्र मागाहून सर्वांना दिसला.

माणूस गेला, इंजिन राहिले. ते आपल्या मुलखातही आले. १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि अशा इंजिनांनी गावोगावच्या विहिरींचे पाणी शेतात खेळविले. पण इंजिन जुने झाले, की त्याच्या रिंगा झिजतात, झडपा नीट बसत नाहीत, हेडचे गॅस्केट जळते; मग दाबलेली हवा फटीतून निसटते. कारागीर यालाच कॉम्प्रेशन गेले असे म्हणतात. थंडीच्या सकाळी इंजिन लवकर सुरू होत नाही, पांढरा धूर ओकते आणि थरथरते. पण चार सिलिंडरांतील दोषी कोणता?

येथे ब्राउन यांची विद्या डीझेल यांच्या साहाय्यास धावून येते. प्रथम इंधन बंद करतात, म्हणजे इंजिन पेटत नाही. बॅटरीच्या जाड तारेभोवती प्रवाह मोजणारा चिमटा बसवितात आणि स्टार्टरने इंजिन फिरवितात. प्रत्येक पिस्टन हवा दाबू लागला की स्टार्टरला जोर करावा लागतो आणि विजेचा प्रवाह वाढतो. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्याचे उंचवटे उमटतात. क्रँकच्या दोन फेऱ्यांत चार सिलिंडरांचे चार. चारही सारखे असतील तर ठीक. एक बुटका असेल तर त्या सिलिंडराने हवा नीट दाबलेली नाही. पहिल्या सिलिंडराची खूण दुसऱ्या रेघेवर घेतली, की सिलिंडर पेटण्याच्या क्रमावरून दोषी नेमका सापडतो. इंजिन खोलावे लागत नाही!

मात्र ही परीक्षा केवळ तुलनेची आहे, हे ध्यानात ठेवावे. चारही सिलिंडर सारखेच झिजले असतील तर उंचवटेही सारखेच दिसतील आणि पाहणारा फसेल. म्हणून संशय आल्यास ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून त्या जागी दाबमापक बसवितात आणि प्रत्यक्ष दाब मोजतात. डीझेल यांच्या दाबलेखकाचेच हे वंशज म्हणावयाचे.

एक सिलिंडर दुबळा झाला तरी उरलेले तीन त्याचा भार वाहतात आणि इंजिन काही काळ चालत राहते. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. डीझेल यांच्या संसाराचेही तसेच झाले. यंत्राच्या पोटातील दाब रेघेरेघेने तपासणाऱ्या या पुरुषाने आपल्या मनावरचा भार आणि आपला रिता हिशेब मात्र कोणापुढे उघडा केला नाही. वेळीच आप्तांजवळ, मित्रांजवळ तो मांडला असता, तर कदाचित त्या रात्री बोटीवरील ते अंथरूण रिकामे राहिले नसते, असे आम्हांस वाटते. आमच्या मुलामुलींनी डीझेल यांचा ध्यास जरूर घ्यावा. परंतु परीक्षेचे ओझे असो वा घरची चिंता, ती एकट्याने वाहू नये. वडीलधाऱ्यांपाशी, शिक्षकांपाशी येऊन ती बोलून दाखवावी.