चिनी माणसाला ओळखणारे डॉ. कोटणीस



आपण बिलोलीकर सीमेवरची माणसं. दोन शब्द तेलुगूत बोलता आले की पलीकडच्या बाजारातला माणूस आपला होतो, हा रोजचा अनुभव. पण चिनी म्हटलं की आपल्याला १९६२ चं युद्ध तेवढं आठवतं. बारीक डोळे, सगळे सारखेच, असं आपण सहज बोलून जातो. न ओळखता माणसाला मोजणं काय असतं, हे आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या सोसलंय. तरी आपणही तेच करतो. ज्या देशातून ह्युएन त्संग बुद्धाच्या भूमीचा शोध घेत आला, महाराष्ट्रातही येऊन गेला, तो देश आपल्याला परका!

म्हणून डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवावेत. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. डॉक्टरी शिक्षण मुंबईत. १९३८ साली जपानच्या आक्रमणात होरपळणाऱ्या चीनला राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते, कोटणीसही होते. पुढे बाकीचे चौघे मायदेशी परतले, कोटणीस मात्र परतले नाहीत.

दुभाष्यामार्फत रोग कळतो, रोगी कळत नाही. कोटणीस चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी को चिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. मुलाचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी फेफऱ्याच्या झटक्यांनी त्यांचं निधन झालं. वय अवघं ३२, आणि लेकरू तीन-चार महिन्यांचं.

व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे त्यांचं नाव आपल्याकडे घराघरांत गेलं. पण तो चीन पडद्यावरचा. कोटणीसांनी पाहिलेला चीन खाटेवर कण्हणाऱ्या जखमी सैनिकाचा होता. मधे युद्ध झालं, तरी चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांचं टपाल तिकीट काढलं.

दुसऱ्याची भाषा शिकावी, त्याच्या दुःखात वाटेकरी व्हावं, मग त्याच्याविषयी बोलावं. करुणेचा मार्ग तो हाच. डॉ. कोटणीसांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!