बेवारस स्त्री आणि पंडिता रमाबाई

१९२२ साली अवघ्या एका महिन्याच्या अंतराने महाराष्ट्राने दोन थोर व्यक्ती गमावल्या. ५ एप्रिल रोजी केडगाव येथे पंडिता रमाबाई निवर्तल्या आणि ६ मे रोजी मुंबईत राजर्षी शाहू महाराजांचे देहावसान झाले. गडहिंग्लज हा जुन्या कोल्हापूर संस्थानचा मुलूख असल्याने येथे महाराजांचे स्मरण घरोघर आहे, आणि ते योग्यच आहे. रमाबाईंचे नाव मात्र आपल्याकडे शालेय पुस्तकातील एका परिच्छेदापुरते उरले आहे. तो परिच्छेद विद्यार्थी पाठ करतात, त्यांची विद्वत्ता, विधवांचे शिक्षण आणि धर्मांतर या तीन गोष्टी परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. पण ज्या एका प्रश्नासाठी आज रमाबाईंचे चरित्र नव्याने वाचावे, तो या तिन्हींहून निराळा आहे. घर सुटलेल्या, मनाचा तोल गेलेल्या आणि कोणीच आपली न म्हटलेल्या स्त्रीचे समाजाने काय करावे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न दूरचा नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेवरील प्रत्येक एस.टी. स्थानकाला, प्रत्येक यात्रेच्या गावाला तो ठाऊक आहे. अंगावर फाटके वस्त्र, केसांच्या जटा, हातात कसलेसे गाठोडे आणि तोंडाने अखंड पुटपुट, अशी स्त्री आपण सर्वांनी पाहिलेली असते. तिची भाषा कधी कन्नड असते, कधी तेलुगू, कधी हिंदी. म्हणून तिचे गाव कोणाला कळत नाही. कोणी भाकरी देतो, कोणी दगड मारतो, कोणी तिच्या जटांना देवीचा कौल समजून हात जोडतो. रात्री तिचे काय होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. पुरुष वेडा झाला तर त्याच्या वाट्याला भूक आणि उपेक्षा येते. स्त्रीच्या वाट्याला याखेरीज अत्याचारही येतो. म्हणूनच निराधार मनोरुग्ण स्त्रीचा प्रश्न हा केवळ वैद्यकाचा प्रश्न ठरत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. योगायोग असा की त्याच वर्षी इंग्रज सरकारने या देशात वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्या माणसास पोलिसांनी पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे आणि तेथून इस्पितळात धाडावे, अशी त्याची रीत होती. त्या कायद्याला वेड्यापासून समाजाचे रक्षण करावयाचे होते. समाजापासून वेड्याचे रक्षण हा विचार त्यात फारसा नव्हता. या दृष्टीहून वेगळी दृष्टी पुढे ज्या स्त्रीने केडगावच्या माळावर प्रत्यक्षात आणली, ती त्याच वर्षी जन्मास आली होती.

वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान आणि हट्टी गृहस्थ होते. पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. त्यांनी रानात संसार थाटला आणि पुढे सारे कुटुंब घेऊन ते तीर्थयात्रेस निघाले. पुराणे सांगावीत आणि मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, हा त्यांचा क्रम होता. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळाने हा संसार मोडला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. उरलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडले. झेलम नदीच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी वाळूत खड्डे करून त्यांत रात्र काढण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. पोटात अन्न नाही, डोक्यावर छप्पर नाही आणि परत जावे असे गाव नाही, ही अवस्था रमाबाईंनी पुस्तकातून जाणली नव्हती. कोवळ्या वयात ती त्यांनी अंगावर सोसली होती.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचा नोंदणी विवाह केला. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पतीला पटकीने नेले. चोविसाव्या वर्षी, तान्ही मुलगी कडेवर घेऊन, त्या पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री शिक्षक व स्त्री डॉक्टर हवेत, अशी मागणी केली.

१८८३ साली वैद्यकाचे शिक्षण घेण्याच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. सोबत आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. परका देश, परका धर्म आणि पुढे काय होणार ही भीती यांच्या ओढाताणीत त्या मैत्रिणीचे मन खचले आणि तिने तेथेच आपले आयुष्य संपविले. चरित्रकार या घटनेपाशी फार थांबत नाहीत. परंतु मनाच्या आजाराने जवळचे माणूस कसे हातातून निसटते, याचा हा अनुभव रमाबाईंना ऐन पंचविशीत आला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लंडनमध्ये पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी आपल्या निवासात सांभाळतात, हे पाहून त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. टाकलेल्या बाईला पुन्हा उभे करता येते, हे दृश्य त्यांना नवे होते. डॉक्टर होण्याचा बेत श्रवणदोषामुळे सोडावा लागला. १८८६ साली त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून त्यांनी तेथे आपल्या कार्यासाठी साहाय्य उभे केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. त्याची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही पुढे धोंडो केशव कर्वे यांची पत्नी आनंदीबाई झाली. १८९३ साली सदनातील मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात रमाबाई सर्वस्वी निर्दोष होत्या, असे म्हणण्याचे कारण नाही. आश्रयास आलेल्या दुबळ्या व्यक्तीवर आश्रयदात्याच्या श्रद्धेचे दडपण पडते, हा आक्षेप तेव्हाही गंभीर होता आणि कोणत्याही धर्माच्या आश्रमाविषयी तो आजही गंभीर आहे. तथापि आक्षेप घेणाऱ्यांवर एक उत्तरदायित्व येते. हे घर नको असेल, तर दुसरे घर दाखविले पाहिजे. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढून ते उत्तर दिले. बाकीच्यांनी बहुतांशी लेख लिहिले.

त्याच साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेथे गेल्या. मदत छावण्यांतून आणि गरीबखान्यांतून फिरताना तरुण निराधार स्त्रियांवर कोणाचे डोळे आहेत, हे त्यांना तत्काळ उमगले. कारण त्याआधी त्या गरीब यात्रेकरूच्या वेषात वृंदावनातील विधवांची दशा पाहून आल्या होत्या. सुमारे तीनशे स्त्रिया आणि मुली त्यांनी केडगावला आणल्या. सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्तिसदनाची रीतसर प्रतिष्ठापना झाली. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा आणखी शेकडो स्त्रिया आल्या आणि सदनाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीतिसदन निघाले, अंध स्त्रियांना ब्रेल लिपीचे शिक्षण मिळू लागले.

मुक्तिसदन हे मनोरुग्णालय नव्हते आणि मनाच्या आजारावरील आजची औषधे त्या काळी कोठेच नव्हती. पण दुष्काळातून आलेल्या माणसाचे मन शाबूत असते, असे कोणी समजू नये. आईबाप डोळ्यांदेखत मेलेले, कोणी विकलेली, कोणी भोगून टाकलेली, अशा स्त्रिया तेथे आल्या होत्या. त्यांना सांभाळण्याची केडगावची पद्धत साधी होती. आधी अन्न, अंघोळ आणि स्वच्छ वस्त्र. मग निजण्यास निर्भय जागा. मग नाव, सोबतीण आणि शिस्त. आणि मग काम. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखान्यात बायका खिळे जुळवू लागल्या. ज्या बाईला कालपर्यंत स्वतःच्या अंगाची शुद्ध नव्हती, तिच्यावर आज कोणाची तरी भाकरी अवलंबून आहे, या जाणिवेत माणसाला सावरण्याचे मोठे सामर्थ्य असते. आधुनिक मानसोपचार औषधांच्या जोडीला ज्याला पुनर्वसन म्हणतो, त्याचे हे बीजरूप होय. या व्यवस्थेला एक मर्यादाही होती. सदनातील बहुतेकींचे जग सदनाच्या कुंपणापाशी संपत असे. समाजाने त्यांना परत घेतले नाही, आणि सदनानेही समाजाकडे जाणारा रस्ता रुंद केला नाही.

सदनाचा व्याप सांभाळत रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचा मराठी अनुवाद केला. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये, कामाचा भार जिच्यावर सोपवावयाचा ती एकुलती एक मनोरमा वारली. आणि वर्ष पुरे होण्याआधी रमाबाईही गेल्या.

हे चरित्र आज गडहिंग्लजसारख्या गावाने का वाचावे? एक तर या भूमीला अशा प्रश्नाची ओळख आहे. शाहू महाराजांनी १९२० साली देवाला मुली वाहण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला आणि १९७५ साली याच गावी देवदासींच्या पुनर्वसनासाठी परिषद भरली. जटेमागे देवी नसून दुर्लक्षित देह आणि दारिद्र्य आहे, हे येथील कार्यकर्त्यांनी लोकांना समजावून सांगितले. आता त्याच न्यायाने रस्त्यावरील वेडीच्या जटेमागे एक आजार आहे आणि तो उपचारांनी आटोक्यात येऊ शकतो, हे समजावून घ्यावयाचे आहे. डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने रस्त्यावरील मनोरुग्णांना बरे करून त्यांच्या गावी पोहोचविण्याचे काम अनेक वर्षे केले आणि त्याबद्दल त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगर जिल्ह्यात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी निराधार मनोरुग्ण स्त्रियांसाठी माउली हे घर उभारले. ही कामे होऊ शकतात, याला आता पुरावा मागण्याची गरज नाही.

दुसरे कारण कायद्याचे आहे. १८५८ च्या कायद्याची दृष्टी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पालटली. त्याच्या शंभराव्या कलमानुसार मनोविकाराने स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ होऊन भटकणाऱ्या व्यक्तीस संरक्षण देणे हे ठाण्याच्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते. ती बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करावयाची आणि तिच्या कुटुंबाचा शोध पोलिसांनी घ्यावयाचा. निराधारास उपचार विनामूल्य मिळावेत, आणि घर नाही एवढ्याच कारणाने कोणी आयुष्यभर इस्पितळात पडून राहू नये, असेही हा कायदा सांगतो. गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय आहे, पोलीस ठाणे आहे. मात्र शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या चारच ठिकाणी आहेत. म्हणजे या गावापासून ती दूरच. तेव्हा पहिले पाऊल गावातच पडले पाहिजे.

येथे शिक्षकाचे, कारकुनाचे आणि विद्यार्थ्याचे काम सुरू होते. ठाण्यात वर्दी देणे, नोंद झाली की नाही ते विचारणे, कन्नड वा तेलुगू जाणणारा माणूस तिच्याशी बोलावयास बसविणे, तिच्या तोंडून निघालेल्या गावाच्या नावावर चार पत्रे धाडणे, यासाठी आश्रम काढावा लागत नाही. आणि उपचारानंतर एखादी बाई आपल्याच गावी परत आली, तर तिला वेडी म्हणून न हिणवता तिचे औषध चालू राहील आणि हाताला काम मिळेल हे पाहणे, एवढे तर प्रत्येक गल्लीला शक्य आहे. केडगावला जे साधले नाही, ते नेमके येथे साधावयाचे आहे. बाईला सांभाळणारे घर रमाबाईंनी बांधून दाखविले. तिला परत घेणारे गाव बांधण्याचे काम त्यांनी करावयाचे नव्हते. ते गावाचेच होते आणि अजून बाकी आहे.