कॅप्टन जटार यांचे स्मरण

विघ्नहर्त्याच्या या उत्सवात, विघ्नाला सामोरे गेलेल्या एका मराठी वैमानिकाचे आम्ही तापीकाठची मंडळी स्मरण करीत आहोत. ते म्हणजे एअर इंडियाचे कॅप्टन डी. के. जटार.

११ एप्रिल १९५५ रोजी बांडुंग परिषदेला निघालेले प्रतिनिधी व पत्रकार घेऊन ते ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान हाँगकाँगहून जाकार्ताला नेत होते. सुमारे १८,००० फुटांवर विमानात लपवलेला बॉम्ब फुटला आणि उजव्या पंखाला आग लागली.

एवढ्या उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्माच असतो. केबिनमधला दाब गेला की मेंदूला प्राणवायू अपुरा पडतो, विचार मंदावतो. त्यात धुराने श्वास कोंडतो. अशाही स्थितीत जटार यांनी पेटत्या बाजूचे इंजिन बंद केले. धोक्याचे संदेश गेले, लाइफ जॅकेट वाटली गेली, विमान समुद्राकडे वळले.

१९ पैकी १६ जण गेले. त्यांत कॅप्टनही होते. कर्णिक, दीक्षित व पाठक हे तिघे सहकारी पोहत बेटावर पोहोचले. जटार यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले.

आज आपली मुले-नातवंडे विमानाने ये-जा करतात. उड्डाणापूर्वीच्या सुरक्षा सूचना त्यांनी लक्ष देऊन ऐकाव्यात, हीच कॅप्टन जटारांना आपली आदरांजली. गणपती बाप्पा मोरया!