शिक्षकांचा शिक्षक : जॉन ड्युई

शिकागो विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन ड्युई आपल्या शाळेसाठी बाके आणि टेबले शोधत दुकानांतून हिंडत होते. मनासारखे काही मिळेना. अखेर एका चाणाक्ष दुकानदाराने त्यांची अडचण ओळखली. ड्युईंना हवी होती मुलांना काम करता येईल अशी बाके. बाजारात होती ती केवळ ऐकत बसण्यासाठी केलेली. ही हकीकत ड्युईंनी पुढे आपल्या व्याख्यानात आवर्जून सांगितली. त्या काळच्या शिक्षणपद्धतीचे दुखणे या एका प्रसंगातून स्पष्ट होते.

२० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन गावी ड्युईंचा जन्म झाला. १८७९ मध्ये पदवी घेतल्यावर काही काळ त्यांनी माध्यमिक शाळेत अध्यापन केले. १८८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि मिशिगनमधील अध्यापनानंतर १८९४ मध्ये ते शिकागोला आले. तेथे जानेवारी १८९६ मध्ये १६ मुले आणि दोन शिक्षक घेऊन त्यांनी प्रयोगशाळा सुरू केली. या प्रयोगशाळेत उपकरणे नव्हती. होती ती जिवंत मुले आणि त्यांचे कुतूहल. १९०२ पर्यंत मुलांची संख्या १४० वर पोहोचली.

या शाळेत इतिहास सनावळ्यांपासून सुरू होत नसे. मुलांच्या हाती कच्ची लोकर आणि कापसाची बोंडे दिली जात. एका गटाने अर्धा तास खपून सरकीपासून कापूस वेगळा केला. हाती आला एक औंसाहूनही कमी. पूर्वजांनी सुती कापडाआधी लोकरीचे कापड का वापरले आणि सरकी काढणाऱ्या यंत्राने एवढी उलथापालथ का घडविली, हे त्या मुलांना मग कोणी वेगळे सांगावे लागले नाही. त्यांच्या दुखऱ्या बोटांनीच ते सांगितले होते. कापसाच्या बोंडातून मुले शेती, व्यापार, यंत्रयुग आणि श्रम या विषयांपर्यंत पोहोचत. समाजशास्त्र म्हणजे माणसे एकत्र कशी जगतात याचा शोध, ही ड्युईंची धारणा होती.

परंतु असे शिकविणारा शिक्षक आणायचा कोठून? १९०४ मधील एका निबंधात ड्युईंनी याच प्रश्नाला हात घातला. नवख्या शिक्षकाला प्रथम वर्ग शांत ठेवण्याच्या क्लृप्त्या शिकविल्या, तर तो आयुष्यभर त्याच गिरवीत राहतो, असे त्यांचे निरीक्षण होते. मुले पुस्तकाकडे बघत असतात, पण त्यांचे मन मात्र अन्यत्र असते. हे दिसण्यासारखे अवधान आणि आतले खरे अवधान यांतील फरक ओळखणे, हे भावी शिक्षकाचे पहिले शिक्षण होय, असे त्यांनी प्रतिपादन केले. वैद्यकीचा विद्यार्थी जसा शरीरशास्त्र शिकतो, तसा शिक्षकाने विचार करणाऱ्या मनाचा अभ्यास करावा, हा त्यांचा आग्रह होता.

त्याच वर्षी ही शाळा त्यांच्या हातून गेली. शाळांच्या विलीनीकरणानंतर पत्नी अ‍ॅलिस यांच्या मुख्याध्यापकपदावरून विद्यापीठाच्या अध्यक्षांशी तीव्र मतभेद झाले आणि दोघांनीही राजीनामे दिले. ड्युई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शाळा सुटली, विचार सुटला नाही. १९१६ मध्ये त्यांचा ‘लोकशाही आणि शिक्षण’ या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून सहजीवनाची रीत आहे आणि तिचा सराव वर्गातच व्हायला हवा, हे त्याचे सूत्र होते. मात्र आपल्या नावावर चालणारा स्वैरपणा त्यांना मान्य नव्हता. प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असे नाही. त्याची योजना शिक्षकानेच करावी लागते, असे १९३८ मध्ये त्यांनी आपल्याच अनुयायांना बजावले.

कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात त्यांच्या वर्गांत बसणाऱ्यांपैकी एक होते भीमराव रामजी आंबेडकर. समाजाचे घटक परस्परांशी मोकळेपणाने मिसळल्याखेरीज लोकशाही नांदत नाही, हा विचार बाबासाहेबांनी १९३६ मधील जातिनिर्मूलनावरील भाषणात जातिव्यवस्थेला लावला. जून १९५२ मध्ये मानद पदवी स्वीकारण्यासाठी ते कोलंबियाला निघाले, तेव्हा गुरूंच्या भेटीची त्यांना ओढ होती. ती भेट झाली नाही. १ जून १९५२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, ड्युईंचे निधन झाले होते. मात्र न्यूयॉर्कच्या वर्गात रुजलेला विचार तोवर भारतातील समतेच्या लढ्यात उतरला होता. शिक्षकाचे काम कोठवर पोहोचते, याचा याहून मोठा दाखला क्वचितच सापडेल.